मुंबई ते लंडन : विमानाचे दहा तास आणि शेतावरील चार तास

पुणे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर दौंड तालुक्यात वरवंड हे गाव वसलेले आहे. खडकवासला प्रकल्पाच्या कालव्याचे पाणी या पट्ट्यास मिळते आणि त्यामुळे ऊस हे येथील प्रमुख पीक झाले आहे. तथापि ऊस व गुऱ्हाळे यांच्या जोडीस भाजीपाला, कांदा, कलिंगड, डाळिंब व फुले ही पिकेही या भागात घेतली जातात. याच तालुक्यातील खोर हे गाव अंजिरासाठी प्रसिद्ध आहे आणि भीमेच्या पलीकडे शिरूर तालुक्यातही फळबागांचे क्षेत्र आहे. अशा भागातील शेतकऱ्याच्या कानावर 'आपला माल विमानाने विलायतेस जाऊ शकतो' ही गोष्ट आता नवीन राहिलेली नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास त्यामुळे एक प्रश्न हमखास विचारला जातो : लंडन येथून किती लांब आहे आणि विमानास तेथे पोचावयास किती वेळ लागतो?

या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येते. मुंबईचा विमानतळ व लंडनचा हीथ्रो विमानतळ यांमधील हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे आणि थेट विमानास साधारणपणे साडेनऊ ते साडेदहा तास लागतात. परंतु एवढ्या उत्तरावर जो शेतकरी आपला हिशेब बांधील त्याचे नुकसान होण्याचा संभव आहे. हे अंतर कसे मोजतात, हा वेळ कशामुळे कमीजास्त होतो आणि मालाच्या एकूण प्रवासात या दहा तासांचे स्थान काय, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

अंतर कसे मोजतात?

भिंतीवरील नकाशात मुंबई व लंडन या दोन ठिकाणांस जोडणारी सरळ रेघ पट्टीने काढली, तर ती साधारणपणे इराण, इराक व तुर्कस्तान यांवरून जाते. विमानाचा सर्वांत जवळचा मार्ग मात्र असा नाही. याचे कारण नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल आहे.

हे शाळेतील मुलांना अथवा ग्रामसभेत सहज दाखविता येते. एक गोल कलिंगड घ्यावे. त्याच्या अंगावर दोन ठिकाणी टाचण्या टोचाव्या आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरावा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळच्या वाटेने बसतो. ही वाट ज्या मोठ्या वर्तुळाचा भाग असते त्यास भूगोलात बृहद्वृत्त असे म्हणतात. याच रीतीने पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणला, तर तो वायव्येकडे उचलला जातो आणि कास्पियन समुद्र, रशियाचा दक्षिण भाग, युक्रेन, पोलंड व जर्मनी अशा प्रदेशांवरून इंग्लंडात पोचतो. एकाच दिशेस नाक धरून, म्हणजे होकायंत्राचा काटा न बदलता, विमान नेले तर याहून सुमारे २०० किलोमीटर अधिक तोडावे लागतील.

पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. त्याचे ३६० अंश पाडले असता एका अंशास सुमारे १११ किलोमीटर पडतात. मुंबई व लंडन यांमधील अंतर या मापाने जवळजवळ ६५ अंश भरते. पृथ्वीवरील कोणतीही दोन ठिकाणे एकमेकांपासून २०,००० किलोमीटरहून फारशी अधिक दूर असू शकत नाहीत, कारण तो घेराचा अर्धा भाग झाला.

मुंबईहून काही विमानतळांचे जवळच्या वाटेचे अंतर व थेट विमानास लागणारा साधारण वेळ पुढीलप्रमाणे आहे :

दिल्ली : १,१४० किलोमीटर, सुमारे २ ते सव्वादोन तास.
दुबई : १,९३० किलोमीटर; सुमारे ३ ते साडेतीन तास.
सिंगापूर : ३,९०० किलोमीटर, सुमारे साडेपाच तास.
फ्रँकफर्ट : ६,५७० किलोमीटर, सुमारे ९ तास.
लंडन : ७,२०० किलोमीटर, सुमारे साडेनऊ ते साडेदहा तास.
न्यूयॉर्क : १२,५५० किलोमीटर, सुमारे १६ तास.

वेळ कशामुळे बदलतो?

मोठी जेट विमाने जमिनीपासून १० ते १२ किलोमीटर उंचीवरून ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जातात. ७,२०० किलोमीटरला ९०० ने भागले असता आठ तास येतात. मग प्रत्यक्षात दहा तास का लागतात?

याची कारणे चार आहेत. पहिले कारण असे, की विमानतळावर विमान जागेवरून हलल्यापासून धावपट्टीच्या टोकास पोचेपर्यंत, त्याचप्रमाणे उंच चढताना व खाली उतरताना, त्याचा वेग कमी असतो. हा सर्व काळ प्रवासाच्या वेळेतच धरला जातो.

दुसरे कारण वाऱ्याचे. आपल्या अक्षांशांच्या उत्तरेस, विमाने ज्या उंचीवरून जातात तेथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो. लंडनकडे जाणाऱ्या विमानास हा वारा समोरून लागतो, तर परत येणाऱ्या विमानास तो पाठीमागून ढकलतो. म्हणून तीच वाट परतीस साधारणपणे अर्धा ते एक तास लवकर संपते.

तिसरे कारण वाटेचे. आकाशातही देशांच्या सीमा असतात. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झाले. पाकिस्तानने आपले आकाश २०१९ मध्ये काही महिने बंद ठेवले होते आणि एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद केले. अशा वेळी विमानांना वळसा घ्यावा लागतो, इंधन अधिक लागते आणि कित्येकदा त्याच कारणाने मालासाठी उपलब्ध असलेले वजन कमी करावे लागते. दूर देशातील तंट्याचा परिणाम आपल्या भेंडीच्या पेटीवर होतो तो असा.

चौथे कारण विमानतळावरील गर्दीचे होय. उतरण्याची पाळी येईपर्यंत विमानास आकाशात घिरट्या घालाव्या लागतात.

घड्याळाचा घोटाळा

वेळेच्या बाबतीत आणखी एक गैरसमज आढळतो. पहाटे २ वाजता मुंबईहून निघालेले विमान हिवाळ्यात लंडनच्या घड्याळाप्रमाणे सकाळी ६ वाजून ३० मिनिटांनी पोचते, असे वेळापत्रकात लिहिलेले दिसते. ते पाहून हा प्रवास साडेचार तासांचाच आहे असे वाटते. वस्तुतः आपले घड्याळ हिवाळ्यात लंडनच्या पुढे साडेपाच तास असते. मार्चच्या अखेरच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारपर्यंत तेथील घड्याळे एक तास पुढे केलेली असल्यामुळे हा फरक साडेचार तास राहतो. वरील विमान पोचते तेव्हा आपल्याकडे दुपारचे १२ वाजलेले असतात, म्हणजे प्रवास दहा तासांचा झाला. फळ किंवा भाजी स्थानिक घड्याळ ओळखत नाही. ती तोडल्यापासून गेलेले तासच मोजते.

या घड्याळाचा बाजाराशीही संबंध आहे. हीथ्रोजवळ वेस्टर्न इंटरनॅशनल मार्केट या नावाचा घाऊक बाजार आहे. आपल्याकडील भाजीबाजारांप्रमाणे तेथीलही मुख्य व्यवहार रात्री व पहाटे चालतो. सकाळी साडेसहाला उतरलेला माल तपासणी होऊन बाहेर येईपर्यंत त्या दिवसाचा बाजार उरकलेला असतो. म्हणून माल कोणत्या वारी व कोणत्या विमानाने धाडावयाचा, हे निर्यातदाराने तेथील आयातदारास विचारून ठरवावे आणि शेतकऱ्याने त्याप्रमाणे तोडणीचा दिवस नक्की करावा. आपल्या सोयीने तोडणी करून नंतर विमान शोधणे हा उलटा क्रम होय.

पूर्वीचा काळ व आजचा काळ

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून निघून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले. भारतातील नियमित हवाई वाहतुकीचा आरंभ या उड्डाणापासून मानला जातो. स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनकडे निघाले. वाटेत कैरो व जिनीव्हा येथे थांबून ते १० जून रोजी लंडनला पोचले. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि १९७१ मध्ये बोइंग ७४७ हे अवाढव्य विमान आले. प्रवाशांच्या पायाखालील मोठ्या पोटात माल नेण्याची सोय अशा विमानांमुळे वाढली. आजही आपल्या भाजीपाल्याचा बराच भाग प्रवासी विमानांच्या पोटातूनच जातो.

फळे टिकविण्याच्या शास्त्राचा अभ्यासही आपल्याकडे जुना आहे. पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्राशी ज्यांचे नाव निगडित आहे त्या डॉ. चीमा यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबा शीतगृहात कोणत्या तापमानास किती दिवस राहतो याचे प्रयोग स्वातंत्र्यापूर्वीच केले होते. विमानाचा वेग इंजिनियरांनी वाढविला आणि साठवणीचे शास्त्र संशोधकांनी सिद्ध केले. आता जो काळ वाचवावयाचा आहे तो मुख्यतः शेत व धावपट्टी यांच्या दरम्यानचा आहे.

वरवंड ते लंडन : पूर्ण प्रवास

वरवंडपासून पुण्याचा लोहगाव विमानतळ सुमारे ६० किलोमीटरवर आहे. मग माल मुंबईस का न्यावा लागतो, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. लोहगाव हा हवाई दलाचा तळ असून तेथील धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे. मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे ३,४०० मीटर आहे. दूरच्या प्रवासासाठी इंधन व माल भरलेल्या जड विमानास उडण्यासाठी लांब धाव घ्यावी लागते. त्यातही हवा तापलेली असली किंवा विमानतळ समुद्रसपाटीपासून उंच असला तर हवा विरळ होते आणि धाव आणखी वाढते. पुणे समुद्रसपाटीपासून ५५० मीटरहून अधिक उंचीवर आहे. त्यामुळे युरोपकडे जाणारा माल प्रायः मुंबईहून चढतो. नवी मुंबई येथील आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले असून तो पुण्याच्या बाजूने अधिक जवळ आहे.

आता उदाहरणादाखल वरवंड शिवारातील भेंडीचा प्रवास पाहू. खालील तास हे हिशेबासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपल्या अनुभवाचे तास घालावेत.

तोडणी व बांधावरील प्रतीक्षा : ४ तास.
पॅकहाऊसपर्यंत वाहतूक व उतरणी : २ तास.
प्रतवारी, भरणी व पूर्वशीतकरण : ६ तास.
खंडाळ्याच्या घाटातून मुंबईपर्यंत : ६ तास.
विमानतळावर तपासणी, सीमाशुल्क व प्रतीक्षा : ८ तास.
विमानाचा प्रवास : १० तास.
लंडन येथे तपासणी व सुटका : ६ तास.
एकूण : ४२ तास.

यावरून दिसून येईल, की ४२ तासांपैकी विमानाचे तास फक्त १० आहेत, म्हणजे चौथ्या हिश्शाहूनही कमी. उरलेले ३२ तास माल जमिनीवरच असतो. विमान अर्धा तास लवकर पोचले काय किंवा उशिरा पोचले काय, त्याने फारसे बिघडत नाही. शेतकऱ्याच्या हातात नसलेल्या त्या दहा तासांची चिंता आपण करतो आणि ज्या पहिल्या चार तासांवर आपला पूर्ण ताबा असतो त्यांकडे दुर्लक्ष करतो.

उन्हातील एक तास किती मोठा?

तोडलेली भाजी किंवा फळ जिवंत असते. ते श्वसन करते, साठविलेली साखर खर्च करते, उष्णता बाहेर टाकते आणि त्यातील पाणी उडून जाते. तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले, की श्वसनाचा वेग साधारणपणे दुप्पट ते तिप्पट होतो. हा नियम प्रत्येक ग्रामकार्यकर्त्याने पाठ करून ठेवण्यासारखा आहे.

यातील कमी आकडा, म्हणजे दुप्पट, धरून हिशेब करू. भेंडी ८ अंशावर नीट राहते असे समजा. १८ अंशावर तिचा क्षय दुप्पट होईल, २८ अंशावर चौपट होईल आणि ३८ अंशावर आठपट होईल. चैत्र-वैशाखात बांधावर ढीग करून ठेवलेल्या भेंडीस ३८ अंश तापमान सहज मिळते, कारण ढिगाची स्वतःची उष्णताही आत कोंडते. अशा स्थितीत काढलेले ४ तास हे ८ अंशावरील ३२ तासांच्या बरोबरीचे होतात. पहाटे तोडून दाट सावलीत, २८ अंशावर ठेवलेल्या भेंडीचेही चार तास १६ तासांइतके भरतात.

हे लक्षात घेतले म्हणजे वरील यादीचा अर्थ पालटतो. बांधावरील चार तास वगळता बाकीचे ३८ तास माल थंड राहिला असे मानले, तरी त्या पहिल्या चार तासांनी केलेली हानी उरलेल्या साऱ्या प्रवासाच्या हानीच्या जवळपास जाते. तीन वेळा मुंबईहून लंडनला नेल्यावर भेंडीची जी झीज होईल, ती वैशाखातील उन्हाने वरवंडच्या बांधावर चार तासांत होऊन जाते. नंतरचे शीतगृह कितीही उत्तम असले तरी ही गेलेली झीज भरून काढू शकत नाही. शीतगृह आयुष्य वाढवीत नाही. उरलेले आयुष्य जपून खर्च करते, एवढेच.

कोणता माल विमानाने, कोणता जहाजाने?

विमानाचे भाडे जहाजाच्या मानाने फार अधिक असते. म्हणून जो माल थांबू शकतो त्याने समुद्रमार्गे जावे हे शहाणपणाचे. द्राक्षे नीट थंड करून शीतपेटीत भरली असता न्हावाशेवा बंदरातून युरोपपर्यंतचा काही आठवड्यांचा प्रवास सोसतात आणि आपली बहुतेक द्राक्षे याच मार्गाने जातात. डाळिंब व कांदा हेही जहाजाचा प्रवास सोसू शकतात. भेंडी, हिरवी मिरची, पालेभाज्या, ताजे अंजीर, फुले आणि हंगामाच्या आरंभीचा आंबा यांस मात्र जहाजाची दिरंगाई परवडत नाही.

प्रत्येक मालाचे सोयीचे तापमान वेगळे असते. अंजीर, द्राक्षे व मेथी-कोथिंबीर यांस शून्य अंशाच्या आसपासचे तापमान मानवते. गुलाबाच्या फुलांस १ ते २ अंश, डाळिंबास ५ ते ७ अंश, भेंडी व हिरव्या मिरचीस ७ ते १० अंश आणि हापूस आंब्यास सुमारे १२ ते १३ अंश योग्य होय. आंबा किंवा भेंडी याहून अधिक थंड केल्यास त्यांस गारठ्याची इजा होते आणि डाग पडतात. त्यामुळे सर्व माल एकाच गाडीत एकाच तापमानास पाठविणे चुकीचे आहे.

खोर व पुरंदरच्या अंजीर उत्पादकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. 'पुरंदर अंजीर' यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आहे. परंतु अंजीर झाडावरच पिकावे लागते. कच्चे तोडलेले अंजीर नंतर गोडीस येत नाही आणि पिकलेले अंजीर उघड्यावर एकदोन दिवसांहून अधिक टिकत नाही. म्हणून अंजिराच्या बाबतीत तोडणी ते थंडावा हे अंतर सर्वांत कमी असले पाहिजे.

भाड्याच्या हिशेबात आणखी एक मेख आहे. विमान कंपन्या मालाचे वजन तर पाहतातच, शिवाय त्याने अडविलेली जागाही मोजतात. पेटीची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करावा व त्यास ६,००० ने भागावे. येणारा आकडा हे पेटीचे जागेचे वजन. हे वजन व काट्यावरील वजन यांपैकी जे अधिक असेल त्यावर भाडे आकारले जाते. उदाहरणार्थ, ४० × ३० × २० सेंटिमीटरची पेटी ४ किलोग्रॅम जागा अडविते. तीत ५ किलोग्रॅम भेंडी बसली तर भाडे ५ किलोग्रॅमचे पडेल. त्याच पेटीत २ किलोग्रॅम मेथी भरली तर भाडे मात्र ४ किलोग्रॅमचे द्यावे लागेल. पालेभाजीचा भाव ठरविताना हा फरक विसरू नये.

एक अळी आणि नऊ महिने

वेळ व तापमान सांभाळूनही माल परत फिरू शकतो. २०१३ मध्ये युरोपीय संघातील देशांत भारतातून गेलेल्या फळे व भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी व इतर किडी आढळल्या. परिणामी १ मे २०१४ पासून भारतातील आंबा, वांगी, कारली, पडवळ व अळूची पाने यांच्या आयातीवर तेथे बंदी घालण्यात आली. आंब्यावरील बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली, म्हणजे तोवर जवळजवळ नऊ महिने लोटले होते. काही खेपांतील किडीची शिक्षा साऱ्या देशातील उत्पादकांनी भोगली. इंग्लंड त्यावेळी युरोपीय संघात होते. ३१ जानेवारी २०२० रोजी ते संघाबाहेर पडले. त्यामुळे आता दोहोंचे नियम स्वतंत्रपणे पाहावे लागतात.

यासाठी शेताची नोंदणी, कीडनाशकाच्या फवारणीची नोंदवही, फवारणी व तोडणी यांमधील नेमून दिलेल्या दिवसांचे पालन, मान्यताप्राप्त पॅकहाऊस आणि वनस्पती आरोग्याचे प्रमाणपत्र या गोष्टी आवश्यक आहेत. निर्यातक्षम बागांची नोंदणी अपेडाच्या 'हॉर्टीनेट' प्रणालीवर कृषि विभागामार्फत केली जाते. वाशी येथे महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळाची निर्यात सुविधा केंद्रे असून आंब्यावर बाष्प-उष्णता व विकिरण यांची प्रक्रिया करण्याची सोय तेथे आहे.

शेतावर काय करावे?

१. तोडणी उजाडताच सुरू करावी व ऊन चढण्यापूर्वी संपवावी. एकदम सारा प्लॉट तोडण्यापेक्षा गाडीच्या वेळेनुसार टप्प्याटप्प्याने तोडावे.

२. माल जमिनीवर ओतू नये, ढीग करू नये. हवा खेळेल अशा स्वच्छ क्रेटमध्ये उथळ थर ठेवावा. क्रेट सावलीत ठेवावेत.

३. बांधावर शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधावा. विटांच्या दोन भिंती, त्यांमध्ये ओली वाळू व वर ओले गोणपाट एवढ्यावर तो तयार होतो. भारतीय कृषि संशोधन संस्थेने विकसित केलेल्या या साध्या कक्षात कोरड्या उन्हाळ्यात तापमान १० ते १५ अंशांनी उतरते. पावसाळ्यात, हवा दमट असताना, त्याचा उपयोग थोडाच होतो.

४. भेंडीवर पाणी शिंपडू नये, ती काळी पडते. पालेभाज्यांवर ओले फडके घालण्यास हरकत नाही.

५. टेम्पो शेतावर आल्यावर तोडणी संपेपर्यंत उन्हात उभा राहू नये. ताडपत्री मालास चिकटून न बांधता मध्ये हवेस वाव ठेवावा.

६. तोडणीपासून चार ते सहा तासांच्या आत माल पूर्वशीतकरणास लागलाच पाहिजे. ही सोय नसल्यास विमानाने माल धाडण्याचा विचार पुढे ढकलावा आणि जवळचा बाजार पाहावा. त्यात कमीपणा नाही.

७. एकट्या शेतकऱ्याचा माल थोडा असतो. दहा-वीस शेतकऱ्यांनी उत्पादक कंपनी अथवा गट करून एकच वाहन, एकच पॅकहाऊस व एकच तोडणीचा दिवस ठरविल्यास खर्च व वेळ दोन्ही वाचतात.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील दोन-तीन शेतकऱ्यांना हाताशी धरून एक साधी 'तासवही' सुरू करावी. तीत तोडणी कधी सुरू झाली, माल सावलीत कधी आला, गाडी कधी सुटली व थंड खोलीचे दार कधी लागले, एवढ्या चार वेळा लिहाव्यात. शक्य असल्यास प्रत्येक वेळी ढिगाच्या आतील तापमान मोजावे. साधा तापमापक पुरेसा होतो. दोन आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवल्या, की वेळ नेमका कोठे वाया जातो हे शेतकऱ्यास आपोआप दिसू लागते आणि निर्यातदाराशी बोलताना त्याच्या हाती पुरावाही राहतो. माल परत फिरला असता तो शेतावर बिघडला की विमानतळावर उन्हात पडून राहिल्याने बिघडला, हे ठरविण्यास अशी नोंद उपयोगी पडते.

मुंबई ते लंडन हे ७,२०० किलोमीटरचे अंतर कोणास कमी करता येणार नाही. वाऱ्याची दिशा, देशांच्या सीमा व विमानतळावरील गर्दी याही आपल्या आज्ञेत नाहीत. वेलीच्या देठापासून थंड खोलीच्या दारापर्यंतचे अंतर मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. तेथे वाचविलेला एक तास पुढील आठ तासांची पुंजी होते आणि या पुंजीवरच परदेशच्या बाजारात आपल्या मालाची पत ठरते. म्हणून लंडन किती तासांवर आहे असे कोणी विचारल्यास, 'तुमची भेंडी उन्हात किती वेळ पडून असते तेवढे आधी सांगा,' असे कार्यकर्त्याने नम्रपणे विचारावे आणि त्या उत्तरापासून हिशेबास प्रारंभ करावा.